टप मिटत नाही

दुपारचे तीन वाजत आले होते. मुलीने ती गाडी स्वतः चालवत आणली आणि गॅरेजच्या तिसऱ्या खणात उभी केली. दोन दारांची, गडद निळी, टप मागे घडी घालून डिकीत गेलेला. अशा गाडीचा टप म्हणजे कापडी छप्पर. बटण दाबलं की डिकीचं झाकण उघडतं, टप उठतो, डोक्यावरून पुढे येतो आणि पुढच्या काचेच्या चौकटीला घट्ट धरून बसतो. हा उठतच नव्हता.

"ब्रेकचं काम काल झालं," मुलगी खाली उतरत म्हणाली. "टप तेवढा अडलाय. दातांचे डॉक्टर पाचला गाडी न्यायला येतील. तुम्हीच बघा, बाबा. स्कॅनर लावायचा नाही, मदतीला कोणाला घ्यायचं नाही."

"आणि सापडलं तर?"

"तर हा खण तुमचाच राहील. इथे बसवायचं ते नवं मशीन मागच्या शेडमध्ये बसवू."

"नाही सापडलं तर?"

ती हातातल्या किल्लीकडे बघत राहिली. "तर सोमवारपासून तुम्ही पुढे टेबलापाशी बसायचं. आल्यागेल्याशी बोलायचं. तुमच्याइतकं गोड कोणाला बोलता येतं?"

"दुकानात वजनकाट्याशेजारी मांजर बसवतात, तसं ना?"

"मांजर कामाचं असतं, बाबा," ती हसून म्हणाली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. किल्ली त्यांच्या हातात देऊन ती काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली. तिथून तिसरा खण सरळ समोर दिसायचा.

तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. शाळेचे नव्हेत, गाड्यांच्या विजेचे. गावातल्या निम्म्या गॅरेजांमधली माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही. एकच गोष्ट सात वेळा विचारली, तर ते सातव्या वेळी पहिल्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगत. गॅरेज त्यांनीच उभं केलं होतं आणि सहा वर्षांपूर्वी मुलीच्या नावावर केलं होतं. तेव्हापासून कामगार तिला मालकीण म्हणायचे, आधी चेष्टेत, मग खरोखर. मास्तरांनी स्वतःकडे फक्त हा एक खण ठेवला होता. भिंतीवर त्यांची हत्यारं, प्रत्येक हत्याराच्या मागे रंगाने काढलेली त्याचीच आकृती. कुठला पान्हा जागेवर नाही ते लांबून कळावं म्हणून.

आता जे सांगायचं ते मास्तरांशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं मास्तरांना वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी एका गाडीचा इंडिकेटर लावल्यावर त्याची टिकटिक त्यांना ऐकू आली नाही. दिवा लुकलुकत होता, आवाज नव्हता. त्यांनी टिकटिक करणारा आतला रिले बदलला. नवाही मुका. तिसरा बसवताना त्यांचा हात मध्येच थांबला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मोठे, जाड आवाज त्यांना व्यवस्थित यायचे: ट्रकचं इंजिन, दार आपटणं, समोर उभ्या माणसाचं बोलणं. बारीक, वरच्या पट्टीतलं सगळं मात्र कोणीतरी हळूच उचलून नेलं होतं. आणि या माणसाचं नाव झालं होतं ते कानांवर. गाडी दारातून आत येईपर्यंत 'डाव्या चाकाकडे बघा' असं सांगणारे मास्तर. ते नाव त्यांनी दोन वर्षं बोटांवर आणि डोळ्यांवर निभावून नेलं.

त्यांनी बाह्या दुमडल्या आणि कामाला लागले.

असा टप म्हणजे पाठोपाठ उभी असलेली माणसांची रांग समजा. पहिल्याने 'माझं झालं' म्हटल्याशिवाय दुसरा हलत नाही, दुसऱ्याने म्हटल्याशिवाय तिसरा. एकजण जरी गप्प बसला तरी सगळी रांग अडते. म्हणून अडलेल्या टपाला ढकलायचं नाही, रांगेत गप्प कोण आहे ते शोधायचं. मास्तरांनी आधी इंजिन बंद ठेवून बॅटरी मोजली. भरलेली. मग डिकीतला आडवा पडदा पाहिला. टप मागे जातो तेव्हा त्याची आणि सामानाची गाठ पडू नये म्हणून तो पडदा खाली ओढून अडकवावा लागतो, आणि दहातल्या सहा गाड्या तेवढ्यासाठीच गॅरेजात येतात. पडदा जागेवर होता. डिकीचं कुलूप नीट लागत होतं. फ्यूज शाबूत. रिलेवर त्यांनी अंगठा ठेवला, दुसऱ्या हाताने वायर जोडून बटणाचं काम केलं. अंगठ्याखाली बारीक टिचकी जाणवली. रिले जिवंत. पंपाकडे जाणाऱ्या वायरीत त्यांनी मीटरच्या सुया खुपसल्या. बारा व्होल्ट आणि वर थोडं. म्हणजे वीज पंपाच्या दारापर्यंत येत होती.

इथे वाट दुभंगते. वीज येऊनही पंप फिरत नसेल तर पंप मेला. पंप फिरत असेल आणि टप उठत नसेल तर दोष तेलात, नळीत नाहीतर पंपाच्या अंगावरच्या कुठल्यातरी स्क्रूत. एवढा एकच प्रश्न उरला होता, आणि तो कानाचा होता.

मास्तरांनी डिकीत डोकं घातलं. पलीकडे हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. तो थांबेपर्यंत ते वाट बघत राहिले. थांबल्यावर पुन्हा वायर जोडली आणि श्वास रोखला.

काहीच नाही.

पंप डिकीच्या कोपऱ्यात फोमच्या जाड पेटीत बसवलेला असतो, आत बसणाऱ्याला त्याचा चिरका आवाज फारसा ऐकू येऊ नये म्हणून. पेटीवर हात ठेवून काही कळत नव्हतं, फोम सगळी थरथर पिऊन टाकत होता. फोम काढायला दोन मिनिटं लागली असती. उघड्या पंपावर तळहात ठेवला की लहान मुलालाही कळलं असतं. मास्तरांनी फोमच्या कडेला बोटं घातलीसुद्धा. मग त्यांची नजर केबिनकडे गेली. मुलगी खुर्ची फिरवून त्यांच्याकडेच बघत होती.

ते आयुष्यभर एक गोष्ट सांगत आले होते, तिलाही सांगितलेली: पंप चालतोय का ते बघायला जो पंप उघडतो, तो नाडी बघायला छाती उघडणारा डॉक्टर. आता तिच्या डोळ्यांदेखत फोम काढायचा म्हणजे कान गेलेत हे तोंडानेच सांगायचं. करंट मोजायचं चिमट्याचं मीटर घेतलं असतं तरी भागलं असतं, पण ते केबिनमध्ये तिच्या टेबलावर होतं. ते मागायला जायचं म्हणजेही तेच.

त्यांनी बोटं काढून घेतली. अजून एकदा वायर जोडली, अजून एकदा ऐकलं. मग ताठ उभे राहिले, फडक्याला हात पुसले आणि तिला बोलावलं.

"पंप गेलाय," ते म्हणाले. "वीज पोचतेय, पंप हलत नाही. नवा मागव. जुना वेळ खाईल."

"खात्री आहे?"

"आज विचारतेस ते ठीक, पण चारचौघांत विचारू नकोस."

"नीट ऐकलंत ना, बाबा?"

"कॉम्प्रेसर बंद होईपर्यंत थांबून ऐकलंय. मुका आहे तो."

 गाडीचं दार उघडून मुलगी चालकाच्या जागी बसली आणि टपाच्या बटणावर बोट ठेवून दाबून धरलं.

मास्तर डिकीकडे बघत होते, तिथे काही हललं नाही. मग सहज त्यांची नजर समोर गेली. तीन खण पलीकडे रंगारी एका गाडीच्या दारावर काचकागद घासत बसला होता. त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली आणि थेट डिकीच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. टायरच्या मशीनपाशी उभा असलेला माणूस वळला. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या पोरीनेही कपाळाला आठ्या घालून तिकडेच पाहिलं, कर्कश काही कानात शिरल्यावर माणूस बघतो तसं. एकेक चेहरा वळत गेला. आणि मग रंगाऱ्याची नजर डिकीवरून मास्तरांवर आली आणि चटकन खाली गेली. कागद पुन्हा फिरायला लागला, जरा जास्तच जोरात.

नजर खाली गेली तेव्हा मास्तरांना कळलं. पंप ओरडत होता हे तर कळलंच. आपल्याला तो ऐकू आला नाही यात रंगाऱ्याला नवल वाटलं नव्हतं, हेही कळलं.

मुलीने बटण सोडलं. "दहा सेकंद चालू होता," ती खालच्या आवाजात म्हणाली, पण त्यांच्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं. ते ओठ असे दाखवणं तिला सवयीचं होतं. किती दिवसांपासून?

 मास्तर वाकले, फोमची पेटी ओढून बाजूला टाकली आणि म्हणाले, "दाब."

तिने दाबलं. तळहाताखाली पंप थरथरत होता, चांगला धडधाकट. मग काम अर्ध्या मिनिटाचं. पंप फिरतोय आणि तेलाला जोर येत नाही, तर तेल परत फिरतंय. पंपाच्या अंगावर एक स्क्रू असतो. टप बंद पडला तर तो हाताने उचलता यावा म्हणून हा स्क्रू सैल करायचा. मग तेल टपाकडे न जाता परत टाकीत पडतं. त्यांनी सहाकोनी एलन की लावली. स्क्रू एक पूर्ण फेरा सैल होता. घट्ट करायच्या आधी त्यांनी टॉर्च धरला. स्क्रूचं डोकं चकचकीत होतं, आजूबाजूला वर्षांची धूळ आणि डोक्याच्या कडेला ताजा ओरखडा.

एलन की तशीच स्क्रूत ठेवून त्यांनी मान वर केली.

"तू सैल केलास."

"हो."

"केव्हा?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

मास्तरांच्या शिकवण्याची एक रीत होती. शिकणाऱ्याच्या नकळत ते एखादी वायर सोडवून ठेवत, एखादा फ्यूज काढून खिशात टाकत आणि 'शोध' म्हणत. याला त्यांनी नाव ठेवलं होतं: खोट पेरणं. ही मुलगी अकरा वर्षांची असल्यापासून मागच्या अंगणातल्या मोडक्या गाडीत त्यांनी पेरलेल्या खोटी शोधून काढत मोठी झाली होती. पण त्या रीतीला एकच कुंपण होतं, आणि ते त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"गिऱ्हाइकाच्या गाडीत?" ते म्हणाले. "विश्वासाने सोडून गेलेल्या माणसाच्या गाडीत खोट पेरलीस?"

"एक स्क्रू आहे, बाबा. काही बिघडत नाही त्याने."

"काय बिघडतं ते मला सांगू नकोस."

"मग मी काय करायचं होतं?" ती अजूनही हळूच बोलत होती, पण एकेक शब्द वेगळा करून. "विचारलं असतं तर कबूल केलं असतंत? मागच्या महिन्यात तुम्ही ती पांढरी गाडी फिरवून आणलीत, आठवतंय? कार्डावर लिहिलंत, दोष नाही."

"नव्हताच दोष."

"ब्रेकचे पॅड संपले होते. पॅड संपला की आतली पत्र्याची जीभ चाकाच्या तबकडीला घासते आणि किंचाळते, तेवढ्यासाठीच ती ठेवलेली असते. हे मला कोणी शिकवलं? ती बाई तो आवाज येतो म्हणूनच आली होती. तुम्ही तिला सांगितलंत, आवाजबिवाज काही नाही, मनाचे खेळ आहेत. तिसऱ्या दिवशी उतारावर गाडी थांबेना. भिंतीला घासत घासत थांबली. मागे दोन पोरं होती."

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पोरं?"

"बरी आहेत. कोणाला काही झालं नाही. गाडी आम्ही रविवारी दुरुस्त केली, तुम्ही नसताना. तुमच्या बऱ्याच गाड्या आम्ही रविवारी परत बघतो."

"आम्ही म्हणजे?"

 रंगाऱ्याची पाठ त्यांच्याकडे होती आणि ती फार स्थिर होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला आजवर कोणी काही सांगितलंय का? तुम्ही शिकवता. लोक ऐकतात."

 मास्तर परत वाकले. एलन की फिरवली, स्क्रू बसला. "दाब," ते म्हणाले. डिकीतून निळा कापडी टप घडी सोडत हळूहळू वर आला, आणि तो असा हवेत अर्धा उभा असताना दारातून दातांचे डॉक्टर आत आले. पाचला यायचे ते चारलाच आले होते.

"अरे वा," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष डिकीकडे गेलं. अस्तर सोडवलेलं, फोमची पेटी जमिनीवर, पंप उघडा. "हे काय? मी तर ब्रेकसाठी गाडी दिली होती. टपाला काय झालं?"

मुलगी खाली उतरली. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. मास्तर मात्र तिच्याकडेच बघत होते. खोट ज्याने केली त्यानेच ती सांगायची, यापेक्षा साधं काही त्यांनी जन्मात शिकवलं नव्हतं. तिला ते यायला हवं होतं. सात वेळा विचारल्यावर नव्हे, पहिल्याच वेळी.

"बाबा बघत होते," ती म्हणाली. "पंपाचा एक स्क्रू त्यांच्या हातून सैल राहिला होता. आता ठीक आहे. आम्ही तपासून घेतलंय."

डॉक्टरांचा चेहरा एकदम निवळला. तक्रार करणाऱ्या माणसाचा चेहरा जाऊन त्या जागी समजूतदार माणसाचा चेहरा आला, आणि मास्तरांना तो पहिल्यापेक्षा जास्त लागला. डॉक्टर दोन पावलं जवळ आले, वाकले आणि दात काढायला बसलेल्या मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश म्हणाले, "होतं असं, आजोबा. वय झालं की होतं. आता आराम करा. लेक आहे ना एवढी कर्तबगार."

मास्तरांना शब्दन् शब्द ऐकू आला.

'हे खोटं आहे' एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. ते म्हणाले असते आणि गॅरेजातल्या सगळ्यांनी माना वळवून ऐकलं असतं. डॉक्टरांनी मान डोलावली असती, आणि कोणीही विश्वास ठेवला नसता. मुलीलाही हे ठाऊक होतं. म्हणूनच तिने तो स्क्रू एवढ्या निवांतपणे त्यांच्या नावावर केला होता. कानांपाठोपाठ त्यांचा शब्दही गेला होता, आणि तो तिने आत्ता, समोरासमोर नेला होता.

"हो," मास्तर म्हणाले. "सैल राहिला."

त्यांनी फोम जागेवर बसवला, अस्तराच्या सगळ्या खुंट्या एकेक करून दाबल्या, डिकीच्या कडेवरचा बोटाचा तेलकट ठसा पुसला. डॉक्टरांनी टप दोनदा उघडून मिटून पाहिला. तो दोन्ही वेळा नीट मिटला. गाडी गेली.

मग मास्तर भिंतीपाशी गेले आणि हत्यारं उतरवायला लागले. आधी पान्हे, मोठ्यापासून लहानापर्यंत. मग पक्कडी. एकेक काढून ते फडक्यावर ओळीने ठेवत होते. भिंतीवर नुसत्या आकृत्या उरत चालल्या.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. "आज नको, बाबा," ती म्हणाली. "मशीन सोमवारी येणार आहे."

त्यांनी वळून कानामागे हात धरला. "काय?"

"आज नको. सोमवारी बघू."

"काय म्हणालीस?"

तिने आवाज चढवला. "आजच काढू नका म्हटलं."

"मोठ्याने बोल, बाळ. ऐकू येत नाही मला."

"आज नको," ती ओरडली. कागद घासायचा थांबला. टायरवाला वळला. सगळ्या गॅरेजाच्या माना त्यांच्याकडे होत्या, मालकीण म्हाताऱ्या बापावर ओरडताना बघत. तिचा चेहरा लाल झाला, आणि मग हळूहळू त्यावरची लाली उतरली, कारण वडील तिच्याकडे शांतपणे, शिकवताना बघायचे तसे बघत होते. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, हे तिला कळलं.

मास्तरांनी पाठ फिरवली आणि शेवटची पक्कड खिळ्यावरून काढली.

मागे ती काहीतरी बोलली, अगदी हळू. ते मात्र त्यांना खरंच ऐकू आलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि तिने पुन्हा सांगितलं नाही.